धोंडिबा दोनदा मेला

सन एकोणीसशे सत्त्याण्णव, जानेवारीची एकोणीस तारीख, रविवार, आणि दिल्लीची थंडी अशी की तोंडातून शब्दाच्या आधी वाफ बाहेर पडते... आणि असल्या थंडीत, तुम्हाला सांगतो, पासष्टीला टेकलेला मी, हातात काठी, पुढ्यात सव्वीस माणसांच्या चपला आणि बूट, समोरच्या भिंतीवर सात माकडं, आणि आत, तीस पावलांवर, माझा बाप. सख्खा बाप. मातीखाली. त्याच्या डोक्याशी उभ्या दगडावर नाव दुसऱ्याचं, त्या दगडापुढे त्या दुसऱ्याचा पोरगा रुमाल डोळ्यांना लावून उभा, आणि मी, ज्याचा तो बाप, तो बाहेर चपला सांभाळतोय. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी कमी बोलणारा माणूस आहे.

आता चपला कशाला काढायच्या म्हणाल, तर आपली माणसं. पलटणीची जुनी दफनभूमी, छावणीच्या पार टोकाला, तिथला चौकीदारसुद्धा म्हणाला, "अरे जूते क्यों उतार रहे हो भाई, मंदिर थोड़े ही है." पण आपल्या लोकांना समाधी म्हटली की पाय आधी मोकळे होतात. आणि चपला काढल्या की माकडं खाली येतात. म्हणजे कोणीतरी बाहेर थांबायला हवं. तेव्हा त्या रुमालवाल्या पोरग्यानं, आमच्या अण्णासाहेबांनी, सगळ्यांवरून नजर फिरवली, सव्वीस माणसांवरून, त्यात कॉलेजात जाणारी धट्टीकट्टी पोरं होती, पण नजर थांबली ती माझ्यावर, आणि म्हणाले, "हणमंतराव, तुम्हाला सांभाळायची सवय आहे. तुम्ही चपला बघा." लोक हसले. मोठ्यानं नाही, थोडंसंच हसले, त्यानं जास्त लागतं.

मी काही बोललो नाही. गाठ मारली.

गाठ म्हणजे काय ते सांगतो. मी सरकारी कचेरीत दफ्तरी होतो. चौतीस वर्षं. दफ्तरी म्हणजे साहेब नाही आणि शिपाईही नाही, फायली शिवायच्या, बांधायच्या, ठेवायच्या, आणि साहेबानं मागितली की दहा हजारांतून ती एक काढून द्यायची. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही नापास. पण लाल फितीची गाठ मी अशी मारायचो की साहेबाला नखानं सुटायची नाही, मलाच बोलवायला लागायचं. तशी गाठ. आणि ज्या कचेरीत मी गाठी मारत होतो त्याच कचेरीत अण्णासाहेब शिंगाडे कारकून म्हणून चिकटले आणि वर वर जात अवर सचिव झाले. माझ्याच भावकीतले. माझ्या बापाच्या चुलतभावाचा हा मुलगा. वयानं माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण खुर्चीनं मोठा, म्हणून मी 'अहो' म्हणायचं आणि त्यानंही लोकांसमोर 'अहो' म्हणायचं, आणि माणसं नसली की, "हणमंता, चहा सांग."

आता नोकरी संपली, पोरानं, अमोलनं, यमुनेपार वैशालीत कर्ज काढून फ्लॅट घेतला. नवी वस्ती. परवापर्यंत तिथं गहू उभा होता, आता सात मजले. पाणी टँकरनं येतं, पण केबलला चाळीस चॅनल. पोराच्या कमरेला पेजर, तो वाजला की टेलिफोन बूथवर पळायचं, म्हणजे घोड्याला लगाम आणि ह्याला पेजर. मी म्हटलं, चला, यमुना ओलांडली, आता तरी हा माणूस दिसणार नाही. आणि पहिल्याच गणपतीला समोर कोण? मंडळाचे अध्यक्ष. पुढच्याच सोसायटीत, तिसरा मजला, कोपऱ्याचा फ्लॅट.

आणि अध्यक्ष कसले, शहीदपुत्र. दर भाषणात एकच गोष्ट. ऐका हं, मी करून दाखवतो, डोळे असे अर्धे मिटायचे, "मित्रहो... एकोणीसशे एकोणचाळीसची दिवाळी... मी सहा महिन्यांचा... आईच्या मांडीवर... माझ्या पिताजींनी माझ्या कपाळाला हात लावला... आणि ते निघाले... ते परत आलेच नाहीत." बायका पदर लावायच्या डोळ्यांना. पद्माकर म्हणून आमचा चिटणीस आहे, भला माणूस, रेल्वेत आहे, तो तर प्रत्येक वेळी नव्यानं रडायचा. "काय हो हणमंतराव, तुमच्याच गावचे ना? केवढं भाग्य गावाचं."

परत आलेच नाहीत म्हणे. परत यायला आधी जावं लागतं.

तुम्हाला सांगतो काय झालं ते. एकोणचाळीसची दिवाळी खरी. लढाई नुकतीच लागलेली. तालुक्याला भरती. आमच्या भावकीतला धोंडिबा शिंगाडे, ह्या अण्णाचा बाप, उंचापुरा, छाती मोजली, दात बघितले, बैलाचे बघतात तसे, आणि नाव लिहून घेतलं. पुढच्या बाजाराला हवालदार न्यायला येणार. बाजाराचा दिवस उजाडला आणि धोंडिबा गायब. कुठं? तर घरातल्या कणगीत. आता आमची नात, कादंबरी, दिल्लीत वाढलेली, ती विचारते, "आबा, कणगी मतलब?" म्हटलं बाळ, बांबूचं विणलेलं, शेणानं सारवलेलं, धान्य भरून ठेवायचं उंच पिंप. म्हणते, "और उसमें आदमी?" म्हटलं, हो, आपल्यात शूर माणसं त्यातच ठेवतात.

तर धोंडिबा ज्वारीत गळ्यापर्यंत. आणि बाहेर त्याचा बाप, भावकीतला मोठा, ज्याच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही, तो माझ्या बापाला म्हणतो, "रखमाजी, माझा हा एकुलता एक आहे. आता माणूस नाही दिला तर सरकार घर उलटं करील. तू जा. तुला पोर झालंय, तुझी वेल चालू आहे. तुझ्या बायकोपोराचं आम्ही बघतो." माझा बाप मेंढरामागचा माणूस. वडीलधाऱ्यानं सांगितलं, गेला. तालुक्याला हवालदारानं पुकारा केला, "धोंडिबा शिंगाडे," आणि माझ्या बापानं सांगितलं, "हजर." एक शब्द. आमच्या घरात कमीच बोलतात. मी सात वर्षांचा होतो, आईच्या हाताला धरून उभा होतो, मला वाटलं बाबा विसरले स्वतःचं नाव.

सव्वा वर्षानं कागद आला. धोंडिबा शिंगाडे, शिपाई, दिल्लीच्या छावणीत थंडी छातीत भरून वारला. लढाईसुद्धा नाही हो, थंडी. जिच्यात मी चपला घेऊन उभा होतो ना, तीच. आमच्यात माती देतात, जाळत नाहीत, म्हणून पुरलं आणि वर दगड उभा केला. दगडावर धोंडिबा. आणि गावात धोंडिबा ज्वारीची भाकरी कांद्याशी खातोय.

आता पुढची गंमत बघा. मेलेल्याच्या बायकोला सरकार पेन्शन देतं. कोणाच्या? धोंडिबाच्या. म्हणजे दर सहा महिन्यांनी तालुक्याचा माणूस खात्री करायला यायचा, त्या दिवशी धोंडिबाची बायको कुंकू पुसून, बांगड्या काढून, ओसरीवर बसायची, आणि नवरा आत कणगीत. माणूस गेला की कणगीतून बाहेर, शिंकत. आणि माझी आई, भीमाबाई, जिचा नवरा खरोखर मेला होता, ती कुंकू लावून हिंडायची. पुसायची चोरी. पुसलं असतं तर विचारलं असतं, कोण गेलं? म्हणून गावात काय सांगितलं ह्या लोकांनी? रखमाजी मुंबईला पळाला, बाई ठेवली. गावाला कळत नव्हतं का? गावाला सगळं कळत होतं. पण गावाला भावकीच्या मोठ्याशी वैर नको होतं. "तुझ्या बायकोपोराचं आम्ही बघतो" म्हणाले होते, तर बघितलं खरंच. लांबून. शाळेत मला नाव होतं 'पळपुट्याचा'. मास्तरसुद्धा हजेरीला म्हणायचे, "पळपुट्याचा हणमंत आला का?"

मी काही बोललो नाही. गाठ मारली. पहिली तीच.

आई जाताना म्हणाली, "तुझा बाप पळालेला नाही. दिल्लीच्या मातीत आहे, धोंडिबाच्या नावानं. हुडकून काढ." म्हणून मी दिल्लीत आलो, तुम्हाला काय वाटलं, लाल किल्ला बघायला आलो? दोन-चार वर्षं हुडकलं, छावणीच्या फाटकातून आत कोणी घेईना, कागद वाचता येईना, मग नोकरी, बायको, पोर... राहिलं. आणि ते हुडकलं कोणी? अण्णासाहेबांनी. खुर्चीवर बसून, एका चिठ्ठीवर. पलटणीची यादी मागवली, त्यात बापाचं नाव दिसलं. ज्या बापाला ह्यांनी एकाहत्तर साली गावी जाऊन स्वतः माती दिली, डोक्याचा गोटा करून कचेरीत परत आले, त्या बापाची दुसरी समाधी दिल्लीत सापडली. शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. ह्यांनी बस काढली. "चला, शहीददर्शन." पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या बागेला नाव द्यायचं म्हणे, हुतात्मा धोंडिबा शिंगाडे उद्यान. आत घसरगुंडी.

माणसं बसकडं गेल्यावर मी आत गेलो त्या दिवशी. बस हॉर्न देतेय, पद्माकर ओरडतोय, "अहो हणमंतराव, चला." धुक्यात रांगा. दगड सापडला, कारण पुढ्यात ताजा हार. अक्षरं इंग्रजी, मला आकडेच वाचता येतात. १९-१-१९४१. मी दगडाला हात लावला. गार. बापाला काय सांगायचं ते छप्पन्न वर्षं जमवलेलं, आणि वर नाव धोंडिबाचं. दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात आपली चिठ्ठी कोण घालील? म्हटलं आधी पाटी बदलू, मग बोलू.

दुसऱ्या दिवसापासून लागलो. असल्या दगडांची देखरेख करणारी एक कचेरी असते. तिथले बडे बाबू, शाल गुंडाळून, शेगडीवजा हीटरशी पाय. मी सांगितलं सगळं, कणगीसकट. त्यांनी चहा पाजला, मला वाटलं झालं काम. तर म्हणतात, "बाबा, कहानी बढ़िया है. काग़ज़ लाओ."

"कैसा काग़ज़?"

"जिसका नाम पत्थर पर है, वो उस दिन नहीं मरा, इसका."

अहो, जो माणूस त्या दिवशी मेला नाही त्याचा न मेल्याचा दाखला कोण देतं? मी म्हटलं, "वो तो ज्वारी खा रहा था." तर म्हणे, "तो ज्वारी की रसीद लाओ."

मी काही बोललो नाही. गाठ मारली.

चौतीस वर्षं दफ्तरात काढलेला माणूस मी, एवढं कळतं की कागद मरत नाही, कुठंतरी पडलेला असतो. पहिल्यांदा आठवलं काय, तर अण्णासाहेबांचा रजेचा अर्ज. एकाहत्तर साली टाकलेला, स्वतःच्या अक्षरात, 'वडील वारले, पंधरा दिवस रजा मिळावी'. ती फाईल मीच शिवलेली. धावत गेलो रेकॉर्डला, तिथं आता नवा दफ्तरी, त्याच्याकडं कॉम्प्युटर, त्यावर प्लास्टिकची टोपी. म्हणाला, "काका, असले कागद दहा वर्षांनी नष्ट करतात. ब्याऐंशीला झाला नष्ट. ही बघा नोंद." नोंदीखाली नष्ट करणाऱ्याची सही. ह. र. शिंगाडे. मीच. नियमाप्रमाणे. टराटरा फाडून, रद्दीत. स्वतःच्या हातानं. मला इतका राग आला स्वतःचा, की त्या सहीशी मी दोन दिवस बोललो नाही.

मग उन्हाळ्यात गावी. पंजाबी बाई शेजारी, "बाबूजी, इतनी गर्मी में?" मग काय थंडीत जाऊ, थंडीनं एक नेलाय घरातला. गावी तलाठ्याकडं कोतवाल बुक असतं, कोण जन्मलं, कोण मेलं, सगळं त्यात. तलाठी म्हणजे पोरगेलासा, मोटरसायकलवाला, "आजोबा, हे बासन उघडलं की मला शिंका येतात." म्हटलं, उघड, आमच्या भावकीत शिंकायची परंपरा आहे. उघडलं. एकाहत्तर साल, मे महिना. धोंडिबा शिंगाडे, वय साठ, धंदा शेती, मरणाचं कारण दमा. दमा होणारच. कणगीतली धूळ खाल्ली इतकी वर्षं. उतारा घेतला, शिक्का मारून घेतला, शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा मारून घेतला.

परत बड्या बाबूंकडे. एकीकडं दगड, एकेचाळीस. एकीकडं उतारा, एकाहत्तर. बाबूंनी चष्मा वर केला, खाली केला. "अच्छा. तो आदमी दो बार मरा."

मी म्हटलं, "जी."

"सरकारी काग़ज़ में होता है. लेकिन दफ़न तो कोई एक ही हुआ. वो तुम्हारा बाप है, ये कौन बोलेगा?"

मग त्यांनी स्वतःच उठून, त्यांचं भलं होवो, पलटणीच्या दवाखान्याचं जुनं कार्ड काढलं. भरतीच्या कागदावर लिहिलंय, अंगावर खूण नाही. दवाखान्याच्या कार्डावर, मेलेल्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही. माझ्या बापाची करंगळी लोकर कातरायच्या कातरीत गेली होती, मी जन्मायच्या आधी. त्या कार्डापाशी मी... ते असू द्या. बाबू म्हणाले, "उंगली फ़ौज में भी कट सकती है, बाबा. पत्थर पर जिसका नाम है, उसका बेटा लिख दे कि मेरा बाप घर में मरा, यहाँ उसका भाई सोया है, तो कल बदल दूँ."

म्हणजे फिरून फिरून कोणाच्या दारात? अण्णासाहेबांच्या. आपण पानिपताला गेलो तेही असेच, सगळीकडून वाट बंद आणि समोर नको तो माणूस.

गेलो. नीट बोललो. त्यांनी सोफ्यावर बसवलं, पण पंखा लावला नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हणमंता, पुरावा काय तुझ्याकडे? तुझा बाप पळाला, हे गावाला ठाऊक आहे. तू वयानं मोठा, तुला तोडून बोलत नाही, पण शहिदाच्या नावावर बोट ठेवू नकोस. बागेची पाटी करायला दिलीय." आणि दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणतात, "चपला घातल्यास का? नाहीतर विसरशील. तुझं सगळं लक्ष दुसऱ्यांच्या चपलांवर."

मी काही बोललो नाही. पण घरी येईपर्यंत गाठीवर गाठ, गाठीवर गाठ...

आणि तुम्हाला सांगतो, देव नसतो असं म्हणणाऱ्यानं एकदा दफ्तरी होऊन बघावं. घरी माझ्याकडं जाड पुठ्ठ्यात बांधलेला एक गठ्ठा होता, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून अश्लेषा, आमची सून, ठेवायची. त्या दिवशी तिनं तो पुसायला काढला. बघतो तर आमच्या कचेरीची सीनियॉरिटी लिस्ट. जुनी, एक प्रत जास्त छापलेली, टाकून देत होते, मीच बांधलेली म्हणून घरी आणलेली. सगळ्या बाबूंची नावं, हुद्दे, आणि शेवटच्या रकान्यात जन्मतारीख. आकडे मला येतात. सुनेला म्हटलं, शिंगाडे काढ. तिनं बोट ठेवलं. लोणच्याच्या तेलात, पण स्पष्ट. १-६-१९४३.

एक जून. अर्थात एक जून. आपल्याकडं निम्म्या मुलखाचा जन्म एक जूनचा, शाळेत घालताना मास्तर तारीख विचारीत नाहीत, ठोकून देतात. पण साल? बाप एकेचाळीसच्या जानेवारीत मातीत गेला. पोरगा त्रेचाळीसच्या जूनमध्ये जन्मला. अडीच वर्षं. तुम्हाला सांगतो, हत्तीणसुद्धा इतकी वाट बघत नाही.

मी त्यांना घरी गाठलं नाही. घरी बायको असते, चांगली बाई आहे, तिच्यासमोर नको. नोव्हेंबरात, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या सरकारी गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये, तिथं ते दर शनिवारी साबुदाणा वडा खायला येतात. समोर जाऊन बसलो. न विचारता. लिस्ट ठेवली टेबलावर.

म्हणाले, "हे काय?"

"तुमची तारीख."

"तेल कसलं लागलंय?"

"लिंबाचं लोणचं. बघा."

बघितलं. समजले. हुशार माणूस, उगाच नाही अवर सचिव होत. वडा अर्धा हातात राहिला. मग म्हणतात, "मास्तरांनी चुकीची घातली असेल. सगळ्यांचीच चुकीची असते. मी एकोणचाळीसचाच."

ह्याच वाक्यासाठी मी दहा महिने थांबलो होतो. म्हटलं, "बरोबर. भाषणात तुम्ही एकोणचाळीसच्या दिवाळीला सहा महिन्यांचे. म्हणजे जन्म एप्रिलचा. अठ्ठावन्न कधी पुरी झाली? ह्या एप्रिलात. अण्णासाहेब, सात महिने झाले तुम्ही रिटायर होऊन. खुर्चीवर बसता कसले? सात महिन्यांचा पगार कोणाचा? मी आपला अर्ज लिहून घेतो सुनेकडून, की साहेबांची तारीख दुरुस्त करा, ते स्वतः म्हणतायत."

वडा बशीत.

म्हटलं, "नाहीतर त्रेचाळीसचे रहा. चार वर्षं अजून नोकरी करा, बढती घ्या. पण मग त्रेचाळीसला तुमचा बाप जिवंत हवा. तिसरीही एक वाट निघते ह्यातून, पण ती तुमच्या आईकडं जाते, आणि ती बाई माझ्या आईला चोरून पीठ द्यायची, म्हणून ती वाट मी बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. दोनातली एक घ्या."

वेटर येऊन विचारून गेला, "सर, चटणी?" मग खाली बघून म्हणाले, "हणमंतदादा..." दादा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "हणमंतदादा, काय लिहून देऊ?"

"खरं. आणि दगड बसेल त्या दिवशी बस काढायची. सव्वीसच्या सव्वीस माणसं."

दिलं लिहून. शिक्क्यासकट. बड्या बाबूंनी तो कागद उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "बाबा, बेटे से बाप की क़ब्र छुड़वा ली, तुम तो वकील निकले." मी म्हटलं, चौथी नापास.

आता तुम्हाला वाटेल, झाली फजिती अण्णासाहेबांची मंडळात. कसली फजिती. मंडळाच्या दिवाळीनंतरच्या अंकात पहिल्या पानावर, फोटोसकट, 'अण्णासाहेब शिंगाडे यांचे मोलाचे संशोधन'. ह्यांनी म्हणे दिवसरात्र कागदपत्रं चाळून, वडिलांच्या नावाचा मोह बाजूला ठेवून, खऱ्या शिपायाला न्याय मिळवून दिला. पद्माकर रडत रडत मला अंक द्यायला आला, "केवढं मोठं मन हो हणमंतराव, स्वतःच्या बापाचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. तुम्ही त्यांचे आभार तरी मानलेत का?" अमोल तर उसळला, म्हणतो, "बाबा, मैं अभी जाके..." म्हटलं, बस. जेव. बागेला नुसतं 'उद्यान' नाव राहिलं, घसरगुंडी बसली, पोरं घसरतायत. आणि गावात ज्यांनी मला पळपुट्याचा म्हटलं त्यातला एकही उरला नाही, मास्तर गेले, भावकीचा मोठा गेला, नाव सुधारून दाखवायचं कोणाला? आई असती तर कुंकू पुसायला मोकळी झाली असती. एवढंच.

काल झालं ते. एकोणीस जानेवारी, तीच तारीख, तेच धुकं, तीच बस. मी करोल बागेतून नवा जोड घेतला होता, काळा, फीत असलेला, चावरा, पण घातला. फाटकाशी सगळे उतरले, सगळ्यांनी पायातलं काढलं. अण्णासाहेबांनीही काढलं, तपकिरी, पॉलिश केलेलं, आणि हार घेऊन पुढं निघाले, अध्यक्ष म्हणून. भिंतीवर माकडं आलेली होती. पद्माकर म्हणाला, "अरे, चपलांपाशी कोण थांबतंय?"

मी काठी पुढं केली. "अण्णासाहेब, तुम्ही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. कोणी हसलं नाही. त्यांनी हार पद्माकरच्या हातात दिला आणि काठी घेतली.

मी आत गेलो. दगड नवा, पांढरा. इंग्रजी मला येत नाही, कादंबरी सोबत होती, तिनं बोट फिरवत वाचलं, "रखमाजी शिंगाडे, सिपाही." मग म्हणते, "आबा, कुछ बोलो ना." सत्तावन्न वर्षांचं साठलेलं होतं. माझा बाप सगळ्या जगापुढं एकच शब्द बोलून गेला होता. मीही तोच बोललो. हजर.

बाहेर आलो. माझा जोड जागेवर होता, टाचा भिंतीकडं, नीट लावलेला. अण्णासाहेब काठी धरून उभे होते, पायात नुसते मोजे, आणि त्यांचा डावा बूट कडुलिंबावर, मोठ्या माकडाच्या हातात होता.

मी काही बोललो नाही. बूट घातले. गाठ मारली, ती फितीची.